रविवार कोणाचा? सुटी, खाडा आणि शब्बाथ

आजच्या विषयाला सुरुवात बदलापूरच्या फलाटावरून करूया. वार रविवार, सकाळचे साडेनऊ. हातात बायबल आणि डब्याची पिशवी घेतलेलं एक कुटुंब गाडीची वाट पाहत उभं आहे. त्यांची उपासना दहाला उल्हासनगरमध्ये. आणि ध्वनिक्षेपकावर घोषणा होते, की मेगाब्लॉक आहे. गाड्या उशिरा धावतील. आता गंमत बघा. आठवड्याचे सहा दिवस ज्या रुळांना क्षणाचीही उसंत नाही, ते रूळ नेमके रविवारी विसावा घेतात. रेल्वेचा शब्बाथ चालू असतो, म्हणून माणसांचा शब्बाथ अडतो.

आपल्याकडे चर्चमध्ये शब्बाथाविषयी बोलतात तेव्हा बहुतेक वेळा दोनच गोष्टी कानावर येतात. एक, लोक रविवारी येत नाहीत म्हणून तक्रार. दुसरी, आजकालचं धावपळीचं जग आणि मनःशांती. दोन्हींत इतिहास नाही. आज आम्ही इतिहास सांगणार आहोत, आणि तो जेरुसलेमचा कमी, आपल्या ठाणे जिल्ह्याचा आणि कोकणपट्टीचा जास्त आहे. कारण हा प्रश्न आपल्याकडे नवीन नाही. या किनाऱ्यावर शब्बाथ निदान काही शतकं पाळला जातोय, आणि तो पाळणाऱ्यांना त्याची किंमतही मोजावी लागली आहे.

आधी थोडं वारांबद्दल. सात वारांचा आठवडा आपल्याकडे बाहेरून आला. भारतातल्या कोरीव लेखांत वाराचा पहिला स्पष्ट उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या बुधगुप्ताच्या लेखात सापडतो. साल इसवी ४८४, वार गुरुवार. त्याआधी आणि नंतरही बराच काळ आपला हिशेब चाले तो तिथीवर. काम थांबायचं तेही तिथीला. पाठशाळेत अनध्याय असायचा तो अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या अशा दिवशी. सुतार, गवंडी अमावास्येला हत्यार खाली ठेवत. आजही आपल्या भागात इमारतीच्या कामावरचा मिस्त्री अमावास्येला येत नाही, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि शेतकऱ्याचा सोमवार. अनेक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत, कारण तो महादेवाचा वार आणि बैल म्हणजे नंदी. काही भागांत या बंद ठेवलेल्या दिवसाला मोडा म्हणतात. अंबरनाथमध्ये बसून हे सांगताना बरं वाटतं, कारण शके ९८२ म्हणजे इसवी १०६० चा शिलालेख असलेलं शिवमंदिर इथेच आहे आणि सोमवारची गर्दी अजून ओसरलेली नाही.

म्हणजे विसावा आपल्याकडे होता. पण लक्षात घ्या, तो बैलाला होता, हत्याराला होता, विद्यार्थ्याला होता. दर सात दिवसांनी सगळ्यांनी, मालकाने आणि गड्याने, एकदम थांबायचं, ही कल्पना नव्हती. ती ज्यांच्याकडे होती ते लोक अलिबाग, पेण, पनवेलच्या बाजूला घाण्यावर तेल गाळत होते.

हे बेने इस्रायल. नवगावकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी गावांवरून आलेली आडनावं, घरात मराठी, अंगात लुगडं आणि अंगरखा. गावातले लोक त्यांना शनवार तेली म्हणत. का? तर शनिवारी घाणा बंद. शेजारच्या हिंदू तेल्यांत सोमवार पाळणारे होते, त्यांना सोमवार तेली म्हणत. आम्हाला हा तपशील फार मोलाचा वाटतो. गावाने त्यांना ओळखलं ते धर्मग्रंथावरून नव्हे (हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हतेच, भाषाही विसरली होती), तर कुठल्या दिवशी त्यांचा घाणा फिरत नाही यावरून. त्यांच्या परंपरेत एक कथा आहे. दाविद रहाबी नावाचा ज्यू प्रवासी आला, आणि सुंता, ठरावीकच मासे खाणं आणि शनिवारचा विसावा या खुणांवरून हे आपलेच लोक, हे त्याने ताडलं. कथेचा काळ कोणता, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण कथेचा गाभा वादातीत आहे. देऊळ नाही, पोथी नाही, गुरू नाही, तरी एक समाज टिकला, कारण आठवड्यातला एक दिवस तो सगळा मिळून काम करत नव्हता.

यातलं ‘सगळा मिळून’ आपण जपून ठेवूया. पुढे लागणार आहे.

मग हे लोक मुंबईला आले. कंपनीच्या फौजेत शिरले, कचेऱ्यांत, पुढे रेल्वेत नोकरीला लागले. १७९६ मध्ये मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं, ते आजही चालू आहे. पण शहरात एक पेच पडला. घाणा स्वतःचा होता, तो शनिवारी बंद ठेवता येत होता. कचेरी सरकारची होती, ती रविवारी बंद. गावात जो दिवस त्यांची ओळख होता, तो शहरात नोकरीच्या आड येऊ लागला. आणखी एक विचित्र गोष्ट. या समाजाला जुना करार मराठीत वाचायला मिळाला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांमुळे. अमेरिकन मिशनच्या शाळा, स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांची शिकवणी, यांतून हिब्रूही परत आली. म्हणजे शनिवारचा शब्बाथ कसा पाळावा हे ज्यांनी वाचायला दिलं, ते स्वतः रविवार पाळणारे!

आता ख्रिस्ती माणसांनी रविवार का धरला, हे दोन मिनिटांत. पहिले ख्रिस्ती ज्यूच होते. शनिवारी शब्बाथ आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी, एकत्र येऊन भाकर मोडणं असं दोन्ही चालत असे. रविवार हा मुळात विसाव्याचा दिवस नव्हता, भेटीचा दिवस होता. कामाला जाण्याआधी पहाटे किंवा काम आटोपल्यावर रात्री जमायचं. इसवी ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने शहरातल्या लोकांना सूर्याच्या वारी काम बंद ठेवायचा हुकूम काढला. शेतकऱ्यांना मात्र त्यातून वगळलं. पेरणीची वेळ हुकमाची वाट बघत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याच शतकात लावदिकियाच्या धर्मसभेने उलट बाजूने ठरवलं, की ख्रिस्ती माणसाने शनिवारी रिकामं बसू नये, काम करावं, आणि रविवारी शक्य असेल तर विसावा घ्यावा. ‘शक्य असेल तर’ हे महत्त्वाचं. पुढे हजारभर वर्षांनी इंग्लंड-अमेरिकेच्या प्युरिटन पंथीयांनी शब्बाथाचे सगळे नियम उचलून रविवारवर ठेवले आणि ते ‘शक्य असेल तर’ गळून पडलं.

आणि आपल्याकडे जे आले ते याच परंपरेतले. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. १८३१ अखेर ते अहमदनगरला पोचलं. न्यू इंग्लंडचा कडक रविवार त्यांच्या सामानातच होता. मराठी मंडळ्यांमध्ये रविवारच्या शाळेला शब्बाथशाळा म्हणतात ते त्यामुळेच. मूळ शब्द शनिवारचा, शाळा रविवारची, आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. शनिवारच पाळणारे सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट लोक मागाहून आले. त्यांचं स्पायसर महाविद्यालय १९४२ मध्ये पुण्यात आलं आणि त्यांचा यावरचा युक्तिवाद सरळ आहे, आज्ञा सातव्या दिवसाची आहे. पण तो वाद आजचा विषय नाही.

आजचा विषय आहे तो नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत रविवारचं काय झालं, हा. तिथे ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग महार आणि मांग समाजाचा. आता विचार करा. बलुतेदारीत महाराची कामं वार बघून येत नसत. सरकारी टपाल पोचवणं, पाटलाच्या मागे जाणं, वेशीची राखण, मेलेलं जनावर ओढणं. हाक आली की निघायचं. जनावर रविवारी मरायचं थांबत नाही. अशा माणसाला कुणीतरी सांगतं, की सातातला एक दिवस तुझा आहे, त्या दिवशी तू कुणाची हाक ऐकायची नाहीस. हे ऐकणाऱ्याच्या कानाला कसं लागलं असेल? आम्हाला वाटतं, नगरच्या मिशनच्या इतिहासात या बाजूकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. गोऱ्या मिशनऱ्याला रविवार म्हणजे शिस्त वाटत होती. वेसकराला तो न जाण्याचा हक्क वाटू शकत होता. आणि गावाला तो उद्दामपणा. कायद्याने ही वतनं संपायला १९५८ साल उजाडावं लागलं.

बायबलमध्ये ही आज्ञा दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी कारण वेगळं दिलंय, हे तुम्हाला ठाऊक असेल. निर्गमात कारण सृष्टीच्या निर्मितीचं. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून तुम्हीही घ्या. अनुवादात कारण गुलामीचं. तुम्ही मिसरात गुलाम होता ते विसरू नका, म्हणून तुमच्या दासालाही तुमच्यासारखाच विसावा मिळू द्या. यादीत बैल आहे, गाढव आहे, वेशीच्या आतला परका माणूसही आहे. आम्ही इतिहासाचे लोक, धर्मोपदेश करणं आमचं काम नाही. पण वेसकराच्या बाजूने बघितलं तर दुसरं कारण पहिल्यापेक्षा जास्त जवळचं वाटेल, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता मुंबई. इथे एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं, आणि तो आपल्या ठाण्यात जन्मलेला. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, १८८० पासून ‘दीनबंधू’ चालवणारे. गिरणीत कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत उभा. महिन्यात एखाद-दुसरी सुटी मिळाली तरी त्या दिवशी सकाळी यंत्रं पुसायला यायचं. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने लहान मुलांना महिन्यातून चार सुट्या दिल्या, मोठ्यांना काहीच नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज निघाला. पहिली मागणी होती दर रविवारी पूर्ण विश्रांती. त्याशिवाय दुपारी अर्धा तास, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. पुढची सहा वर्षं चर्चेत गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन बायका व्यासपीठावरून बोलल्या, त्या काळात! आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटी आली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेले.

लोखंड्यांच्या रविवारचा ख्रिस्ती शब्बाथाशी काय संबंध? थेट नाही. हे कामगार ख्रिस्ती नव्हते. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो आपलासा वाटला असं सांगितलं जातं, आणि जेजुरीला जाणाऱ्या घाटावरच्या माणसाला ते पटण्यासारखं आहे. कचेऱ्या आणि साहेब लोक रविवारी बंद असत, हेही होतंच. पण एक गोष्ट नीट बघा. अर्जात एक दिवस मागितला होता, आणि तो सगळ्यांना एकच. तुम्हाला मंगळवार, यांना गुरुवार असं नाही. कारण सभा, भजन, नातेवाईक, गावाकडचा माणूस भेटणं, हे सगळं तेव्हाच जमतं जेव्हा सगळे एकदम मोकळे असतात. शनवार तेल्यांच्या घाण्याची आठवण ठेवा म्हटलं होतं ते यासाठी.

दुसरी गोष्ट पैशाची. ती सुटी बिनपगारी होती. मराठीत यासाठी किती चपखल शब्द आहे, खाडा. महिनेवाल्याची सुटी असते, रोजंदारीवाल्याचा खाडा होतो. दिवस तोच, झोप तीच, पण एकाच्या घरी संध्याकाळी मटण शिजतं आणि दुसऱ्याच्या घरी हिशेब होतो. बायबलातल्या मान्नाच्या गोष्टीत हा प्रश्न आधीच सोडवलेला दिसतो. रानात रोज अन्न मिळे ते एका दिवसापुरतं, पण सहाव्या दिवशी दुप्पट, म्हणजे सातव्या दिवशी गोळा करायला जायला नको. आधी दुप्पट शिधा, मग विसावा. हा क्रम पुष्कळ उपदेशकांच्या ध्यानात राहत नाही.

आता आपल्या तीन गावांकडे येऊ. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ ला आली, अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीकडे १८५६ ला गेली. अंबरनाथला धरमसी मोरारजींचा गंधकाम्लाचा कारखाना, १९२० च्या दशकात विमकोची आगपेटी, स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचा कारखाना. उल्हासनगर म्हणजे महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले आणि ऑगस्ट १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं. शेजारी शहाडला रेयॉनचा कारखाना. मग औद्योगिक वसाहती. इथे नगर, जालना, सोलापूरकडून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं, मलयाळी, तमिळ, गोव्याकडची, आणि सिंधी घरांतले काही, अशा वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. कुणाची दगडी इमारत, कुणाचा भाड्याचा हॉल, कुणाची उपासना शाळेच्या वर्गात.

आणि इथे कारखान्याने रविवार मोडला. दोन तऱ्हांनी. आम्लाची भट्टी, रेयॉनची कताई ही न थांबणारी कामं, म्हणून पाळ्या आल्या, आणि पाळी रविवार ओळखत नाही. दुसरी तऱ्हा जास्त मजेशीर आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटीचं कलम होतं, पण रविवार हा शब्द त्यात वापरलेला नव्हता. म्हटलं होतं आठवड्याचा पहिला दिवस. आणि आठवडा कधी सुरू होतो? शनिवारी मध्यरात्री, किंवा एखाद्या भागासाठी मुख्य कारखाना निरीक्षक मंजूर करतील त्या रात्री! म्हणजे सरकारी शिक्क्याने आठवडाच सरकवता येत होता. विजेचा भार विभागायचा म्हणून वेगवेगळ्या वसाहतींना वेगवेगळा वार मिळाला. आपल्या पट्ट्यात पुष्कळांचा तो शुक्रवार. इथे बसलेल्यांपैकी किती घरांत वडिलांची सुटी शुक्रवारी आणि मुलांच्या शाळेची रविवारी, हे विचारायला नको, माना हलताना दिसतायत.

हाच प्रयोग एका देशाने मुद्दाम आणि मोठ्या प्रमाणावर केला होता. १९२९ मध्ये सोव्हिएत रशियाने सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला. कामगारांचे पाच गट, प्रत्येकाला रंग, प्रत्येकाची सुटी वेगळी, यंत्र कधीच थांबायचं नाही. चर्चचा रविवार मोडणं हाही हेतू होताच. सुट्या वाढल्या, खरं म्हणजे. सातात एक होती ती पाचात एक झाली. तरी लोक वैतागले. बायकोची सुटी वेगळी, मुलांची वेगळी, मित्राची वेगळी. एकट्याने सुटी घेऊन करायचं काय? दोनच वर्षांत सामाईक सुटी परत आणावी लागली आणि १९४० मध्ये रविवारही. इथे लोकांना विसावा मिळाला होता, पण एकमेकांची सोबत गेली होती. अंबरनाथच्या शुक्रवारमागे असा कुठलाही धर्मविरोध नव्हता, फक्त विजेचा हिशेब होता. परिणाम मात्र मंडळीतल्या माणसाला जवळजवळ तोच भोगावा लागला.

मग मंडळ्यांनी काय केलं? काहींनी रविवारची उपासना संध्याकाळी नेली. शुक्रवारची उपवास-प्रार्थना आपल्याकडे इतकी भरते त्याचं एक कारण हे कारखान्याचं वेळापत्रकही असावं, असा आमचा अंदाज आहे. याला दूरचा एक आधार आहे. आखाती देशांत शुक्रवारी सुटी, म्हणून तिथल्या भारतीय ख्रिस्ती मंडळ्या वर्षानुवर्षं शुक्रवारीच मुख्य उपासना घेत आल्या. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या जानेवारीत शनिवार-रविवार सुटी केली तेव्हा तिथल्या चर्चना उपासनेच्या वेळांचा पुन्हा विचार करावा लागला. आपल्या बदलापुरात आखातातून परतलेली माणसं आहेत. त्यांना शुक्रवारच्या उपासनेत काही वावगं वाटत नाही. नगरकडच्या जुन्या घरातल्या आजींना वाटतं. दोघंही आपापल्या परीने इतिहासच सांगत असतात.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही काही घरांत बसलो. नावं सांगत नाही. एका घरात नवरा कारखान्यात पाळीवर, बायको घरी जीन्सच्या पॅन्टींचे धागे कापते, नगावर पैसे. उल्हासनगरचा जीन्सचा धंदा असाच घराघरांतून चालतो. ती म्हणाली, पाळकसाहेब सांगतात रविवारी काम करू नका, पण सोमवारी सकाळी माल न्यायला माणूस येतो. तिला खाड्याची भीती, आणि शब्बाथ मोडल्याची बोचणी, दोन्ही. दुसऱ्या घरात मुलगा मोबाइलवरच्या मागण्या घरपोच पोचवतो. रविवारीच जास्त मिळकत, त्यामुळे रविवारीच बाहेर. गंमत म्हणजे उपासना सुटल्यावर मंडळीतली जी कुटुंबं दुपारचं जेवण बाहेरून मागवतात, त्यांच्या दारात कधी कधी तोच उभा असतो. वेशीच्या आतला परका माणूस, म्हटलं होतं ना मघाशी? तो बऱ्याचदा परकाही नसतो.

२०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायला मुभा दिली. कामगाराला आठवड्यात सलग चोवीस तास सुटी द्यावी लागते, पण ती कुठल्या दिवशी, ते दुकान ठरवणार. म्हणजे विसाव्याचा हक्क शाबूत, सामाईक दिवस मात्र बाजाराच्या हाती. लोखंड्यांनी १८८४ मध्ये जे मागितलं त्याचा अर्धा भाग आपल्याकडे उरला आहे.

आणि बायका. हा मुद्दा आम्ही शेवटी घेतोय याचं वाईट वाटतं, पण इतिहासातही तो शेवटीच येतो. पुरुषाची सुटी रविवारी आली तेव्हा घरातल्या बाईचं काम दुप्पट झालं. सगळे घरी, दोन वेळचं साग्रसंगीत, वर पाहुणे. ज्यू शब्बाथात याचा विचार होता. स्वयंपाक शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत आटपायचा, शनिवारी चूल पेटवायची नाही. अर्थात शुक्रवारी तिची कंबर मोडत असणार, ते वेगळं. आपल्या मंडळ्यांनी रविवार घेतला, चुलीचा नियम घेतला नाही. गोऱ्या घरांत तेव्हा स्वयंपाकाला नोकर होते, त्यामुळे तो प्रश्न त्यांना दिसलाच नसावा.

अंबरनाथमधल्या एका छोट्या मंडळीने यावर केलेली व्यवस्था आम्ही पाहिली. महिन्यातून एका रविवारी प्रीतिभोजन, सगळ्यांचं जेवण चर्चमध्येच. आपल्याकडे प्रीतिभोजनाची चाल जुनी आहे, त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की त्या दिवशी भाकऱ्या आणि रस्सा पुरुष करतात, आणि शनिवारी रात्री भाजी निवडायलाही तेच बसतात. ज्यांची पाळी आहे त्यांचा वाटा डब्यात काढून ठेवतात आणि जाता जाता कुणीतरी पोचवतं. नगावर काम करणाऱ्या दोन-तीन घरांसाठी शनिवारी संध्याकाळी सात-आठजण जमून धागे कापून देतात, म्हणजे सोमवारचा माल तयार. आम्ही विचारलं, हा नियम कुठून आला? कोणालाच सांगता येईना. एक वयस्कर गृहस्थ, संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, म्हणाले, आमची सुटी कधी जुळायचीच नाही हो, मग ज्याला जेव्हा वेळ तेव्हा त्याने दुसऱ्याचं काम उरकून ठेवायचं, एवढंच.

मान्नाची गोष्ट त्यांना माहीत होती का, ते आम्ही विचारलं नाही. भाकऱ्या मात्र जाड होत होत्या, आणि बाकड्यावर बसलेल्या बायका तिथूनच त्यांना तसं सांगत होत्या.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊया. साडेआठची कर्जत लोकल ज्यांना पकडायची आहे, त्यांनी आधी विचारा.